तिसऱ्या प्रकारचा ताण

लहानपणापासून मला प्रत्येक वस्तूची पाठ बघायची खोड. बाजारातून नवा तांब्या आणला की सगळे त्याची चकाकी बघत, मी आधी तो उपडा करी. आई म्हणायची, "हिला पाहायला येणाऱ्या मुलालाही ही उपडा करून पाहील." पुढे मी इंजिनिअर झाले आणि याच खोडीचा मला पगार मिळू लागला.

साठीच्या दशकात मी तंजावरात एका सल्लागार इंजिनिअरच्या ऑफिसात होते. भातगिरण्यांना लागणाऱ्या वाफेच्या पाइपलाइनी आम्ही आखून देत असू. ऑफिसात बाई मी एकटीच. साहेब माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघत, त्यामुळे मलाही त्यांच्याकडे निवांत बघायला मिळे. आमचं घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या कावेरीचं पाणी प्यालेलं. घरात मराठी, दारात तमिळ, ऑफिसात इंग्रजी. देवनागरी मला येते ती केवळ आजोबांच्या हट्टामुळे, नाहीतर हे लिहिताही आलं नसतं.

आमच्याकडे भात आधी भिजवतात, मग वाफेवर उकडतात, मग वाळवून सडतात. वाफेसाठी गिरणीत बॉयलर. त्यातून निघालेला पाइप वर चढतो, वळतो आणि टाक्यांकडे उतरतो. त्या वळणाला सगळे बेंड म्हणतात. सरळ पाइपवर संशय घ्यायला फारशी जागा नसते. बेंडाचं तसं नाही. पाइपमध्ये वाळू ठासून तो लाल तापवून वाकवला की त्याची बाहेरची पाठ ताणून पातळ होते, आतली बाजू जाड होते आणि गोल तोंड थोडं अंड्यासारखं होतं. सगळ्या लाइनीतलं दुखणं तिथे येऊन बसतं.

त्या सुमारास परदेशातून हिशेबाची एक नवी पद्धत आली होती. ताण किती आहे एवढंच बघू नका, तो कुठल्या प्रकारचा आहे ते आधी ठरवा, असं ती सांगे. पहिला प्रकार दाबाचा. आतली वाफ पाइपला फुगवू बघते. लोखंड ढिलं पडलं म्हणून ती काही थांबत नाही, रेटत राहते आणि शेवटी फोडते. दुसरा प्रकार उष्णतेने होणाऱ्या वाढीचा. तापलेला पाइप लांब होऊ बघतो, टोकं बांधलेली असतात, मग बेंडाला वाकावं लागतं. तो थोडा वाकला की हा ताण आपोआप निवतो. तिसरा प्रकार अगदी एका जागचा, वरवरचा, बोटभर. तो एकदा येऊन गेला तर कुणाला कळतही नाही. पण त्याच जागी पुन्हा पुन्हा येत राहिला तर केसासारखी चीर पडते आणि हळूहळू आत उतरते. पहिल्याला माफी नाही, दुसऱ्याला बरीच आहे, तिसऱ्याची माफी तो किती वेळा येणार त्यावर. ही पद्धत मला फार आवडली. प्रत्येक ताणाला धरून विचारायचं, लोखंडाने एकदा हार मानली की तू जाशील का रे?

घरी जेवताना मी हे सांगत असे. तिसरा प्रकार समजावताना आईचा दोशांचा तवा दाखवी. शेवटचा दोसा उतरला की आई तापलेल्या बिडाच्या तव्यावर तांब्याभर पाणी ओती. चर्र आवाज होई, स्वयंपाकघर वाफेने भरे. मी म्हणायचे, एक दिवस हा तवा तडकणार. आई म्हणायची, "माझ्या सासूचा तवा हा. इतकीं वर्षें काय झालें नाही, आतां तूं शिकलीस म्हणून तडकेल की काय गे?" अप्पा, म्हणजे माझे वडील, मान खाली घालून जेवत. ते ऐकताहेत की नाही ते कळत नसे.

अप्पा पापनाशमजवळच्या एका गिरणीत बॉयलरवर होते. बॉयलर चालवायचं सरकारी सर्टिफिकेट त्यांच्याकडे होतं आणि ते आमच्या दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत टांगलेलं होतं. आमचे बाकीचे नातेवाईक वकील, मास्तर, कचेरीतले कारकून. लग्नाकार्यात अप्पांना मागच्या ओळीत पाट मिळे, कारण कितीही घासली तरी त्यांच्या मानेवरची काजळी पुरती जात नसे. मला त्याचा फार राग यायचा. अप्पांना यायचा की नाही ते त्यांनी कधी दाखवलं नाही.

त्या वर्षी कुरुवैचं, म्हणजे पावसाळी हंगामाचं, भात कापणीला आलं आणि नेमका त्याच गिरणीतून निरोप आला. बॉयलरवरच्या बेंडातून वाफ फुसफुसतेय, बॉयलर बंद ठेवलाय, कुणीतरी येऊन बघा. ती लाइन आमच्याच ऑफिसने आखलेली. साहेबांनी मला बोलावलं आणि भिंतीला सांगितलं, "तुझे वडील तिथेच आहेत ना? मग तूच जा. दुसऱ्या प्रकारचं काही नसणार बहुतेक."

न बघताच कसं कळलं यांना? दुसऱ्या प्रकारचा ताण निघाला तर दोष आखणीचा, म्हणजे त्यांचा स्वतःचा. माझ्या मनात पाल चुकचुकली. वडिलांची नोकरी जिथे आहे तिथे मुलगी खोलात न शिरता प्रकरण मिटवील, असा साहेबांचा अंदाज असावा. मला एवढा राग आला की मी त्यांच्या टेबलावरचा टाक उचलून चालू लागले आणि दारातून परत येऊन ठेवला.

पण रागापेक्षा भीती मोठी होती. पाण्याची पातळी दाखवणारी काच बॉयलरच्या तोंडाशी असते. ती सतत डोळ्यांसमोर राहावी म्हणून अप्पांचं स्टूल तिथेच असे, बरोबर त्या बेंडाखाली. बेंड फुटला तर पहिली वाफ कुणाच्या डोक्यावर येणार, हे मला कागदावर मांडायची गरज नव्हती.

संध्याकाळी अप्पा उशिरा आले. जेवायला बसले तेव्हा त्यांच्या नखांत काहीतरी पांढरं दिसलं. चुना म्हणावा तर अप्पा पान खात नसत.

"अप्पा, बेंडाला काय झालंय?"

"काय नाही गे. जराशी वाफ येते. वाफेचा पाइप म्हटला तर येणारच की."

"मी उद्या येतेय बघायला."

त्यांचा हात ताटातच थांबला. "तूं कशाला? साहेबच येऊं देत. तूं नको येऊं."

"का?"

"उगे जेव," ते म्हणाले आणि अर्ध्या ताटावरून उठले. अप्पा अन्न टाकून कधी उठत नसत. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला तेव्हाच कळलं. मला वाटलं, मालकाने यांना दम दिलाय.

सकाळच्या पॅसेंजरने आम्ही दोघं गेलो. अप्पा खिडकीतून कालवे आणि नारळीच्या बागा अशा बघत होते, की जणू रोजची वाट आज पहिल्यांदाच दिसतेय.

गिरणीच्या मालकाला सगळे मुदलाळी म्हणत. त्यांनी मला पितळी पेल्यातून कॉफी दिली आणि मी तोंडाला लावायच्या आत म्हणाले, "पाइप एक नंबरचा आहे बरं का. मद्रासहून आणवला. पातळबितळ काही नाही." मी पातळ हा शब्द उच्चारलाही नव्हता. पहिल्या प्रकारचा ताण निघाला तर दोष पाइप विकत घेणाऱ्याचा, हे त्यांना कुणी शिकवलं? ओसरीवर त्यांची म्हातारी आई सुपारी कातरत बसली होती. तिने माझ्याकडे बघून गोड हसून घेतलं. मला तेही खटकलं.

बॉयलरच्या खोलीत शिरले आणि पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती लेप. उष्णता वाया जाऊ नये म्हणून वाफेच्या पाइपला वरून जाड लेप देतात. त्या सगळ्या लाइनीवरचा लेप तुसाच्या धुराने काळा पडलेला होता. फक्त बेंडावरचा पांढराशुभ्र. हात लावला तर अजून दमट. मी अप्पांच्या नखांकडे पाहिलं. त्यांनी हात पाठीमागे घेतले.

"हा लेप काढा," मी म्हणाले.

मुदलाळी काही बोलणार तोच अप्पांनी छिन्नी उचलली आणि स्वतःच लेप फोडू लागले. एकाही गड्याला हात लावू दिला नाही. खालचा बेंड उघडा पडला आणि मी चकितच झाले. तो लख्ख होता. काचकागदाने घासलेला, सणाच्या समईसारखा. वाफेच्या पाइपला असं कोण घासतं? काहीतरी पुसून टाकायचं असल्याशिवाय?

पातळ पाइपची खूण पुसली असणार, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. हा बेंड आता बदलावा लागणारच होता, म्हणून त्याच्या बाहेरच्या पाठीवर, जिथे तो सगळ्यात पातळ असतो तिथे, मी एक भोक पाडायला लावलं. आकडीच्या मापाने जाडी पाहिली. पुन्हा पाहिली. जाडी व्यवस्थित होती, हवी त्याहून थोडी जास्तच. मुदलाळींचा चेहरा फुलला. मला मात्र लाज वगैरे वाटली नाही, नुसती चिडचीड झाली. मग मी लाइन पायाखाली घातली. आधार जागेवर होते, पाइप कुठे तिरका ओढला गेला नव्हता, वाढीसाठी साहेबांनी ठेवलेला वळसा ऐसपैस होता. दुसराही प्रकार नव्हता. ज्या दोघांवर मी संशय घेतला होता ते दोघेही सुटले.

राहिली चीर. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं मी बेंडावर फिरवलं, थोडं थांबले, मग पुसून कोरडा केला आणि खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून वर लावली. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूहळू खडूत झिरपतं आणि ओली रेघ दिसते. साधी युक्ती आहे.

रेघ उमटली. एक नव्हे, शेजारी शेजारी कितीतरी, आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या. आणि त्या काळ्या नव्हत्या. तांबूस होत्या. गंज असेल म्हणून मी बोटाने पुसून नाकाशी नेलं. करपट वास होता, पण गंजाचा नव्हता. ज्या मुलीने रोज देव्हारा पुसलाय तिला तो वास ओळखता येतो. ते कुंकू होतं.

"बेंडाला कुंकू कोण लावतं?" मी मोठ्याने विचारलं.

अप्पा बॉयलरच्या बंद दाराकडे बघत राहिले. शेवटी दारातून मुदलाळींच्या आईचा आवाज आला. ती केव्हाची येऊन उभी होती.

"अग, पिल्लैयार तो! सोंड दिसत नाही का तुला?"

पिल्लैयार म्हणजे आपला गणपती. तिने सांगितलं आणि मग मलाही दिसली. बॉयलरचं गोल पोट, त्यातून वर येऊन पुढे वळलेली सोंड. कुणाच्या तरी मनात हे पहिल्यांदा आलं, मग देवाला लेपात कसं कोंडायचं म्हणून तेवढ्या भागाचा लेप काढला गेला. दर शुक्रवारी पहिली वाफ चढली की सोंडेवर हळदीच्या पाण्याचा तांब्या. पाणी चर्र झालं की देवाने घेतलं. थंड सोंडेवर घातलेलं चालत नसे, कारण मग चर्र होत नसे. वर गंध, कुंकू. कापणीच्या दिवसांत तर प्रत्येक शेतकरी आपल्या पहिल्या गाडीबरोबर एक तांब्या आणी.

"आणि घालायचं तुझ्या वडिलांच्याच हातून," म्हातारी कौतुकाने म्हणाली. "आम्ही कुणी हात लावत नाही. ते इथले गुरुक्कळ, देवाची पूजा त्यांची. पहिला नारळ त्यांचा."

आगीसारख्या तापलेल्या लोखंडावर गार पाणी. वरची साय झटकन आकसते, आतलं लोखंड तापलेलंच राहतं. एका तांब्याने काही होत नाही. मी हे घरी तवा दाखवून सांगितलं होतं, आणि अप्पा मान खाली घालून जेवत होते.

परतीच्या गाडीला वेळ होता. पापनाशमच्या स्टेशनवर बाकावर आम्ही बसलो.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"मागच्या संक्रांतीपासून," अप्पा म्हणाले. "पाणी घातलें की सगळें सुकून जायचें. एक रेघ सुकायची नाही. मग तुझा तवा आठवला."

"मग थांबवलं का नाही?"

त्यांनी मानेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तेथें लोक मला हात जोडतात गे. शेतकरी गाडीवरून उतरून जोडतात. आपल्या घरांतल्या लग्नांत मला कोठें बसवतात, तूं पाहिलीस की."

"आणि बेंड फुटला असता तर?"

"म्हणून दुसऱ्या कोणाला त्या स्टुलावर बसूं दिलें नाही. मीच बसत होतों."

मला रडू आलं नाही, संताप आला. इतका, की त्या बाकावरून उठून मी फलाटाच्या टोकापर्यंत गेले. चीर दिसत असताना हा माणूस रोज तिच्याखाली जाऊन बसत होता आणि संध्याकाळी घरी येऊन माझं व्याख्यान ऐकत होता.

परत आले तेव्हा अप्पा हळू आवाजात म्हणाले, "तूं पहिल्या प्रकारचें म्हणून लिही. पाइप पातळ होता म्हणावें. मुदलाळी नवा घेतील. त्यांना काय कमी आहे? माझें सर्टिफिकेट राहील." इतकी वर्षं जेवताना त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता, हे मला तेव्हा कळलं.

मी त्या रात्री झोपले नाही वगैरे काही झालं नाही. गाडीतच ठरलं. मालक किंवा साहेब यांच्यासाठी सत्य लिहायची मला हौस नव्हती. पण पहिला प्रकार लिहिला असता तर उपाय काय? जाड पाइपचा बेंड. त्याचीही सोंड उघडी राहिली असती, पुढच्या शुक्रवारी पुन्हा तांब्या, पुन्हा चर्र. जाड लोखंड गार पाण्याने तडकायला उलट सोपं. आणि खाली स्टुलावर अप्पाच. प्रकार चुकीचा लिहिला की दुरुस्ती चुकीच्या जागी होते, आणि या वेळी ती माझ्या बापाच्या डोक्यावर झाली असती.

मी तिसरा प्रकार लिहिला. कारण लिहिलं, पाणी लिहिलं, लेप कुणी काढला आणि कुणी परत चढवला तेही लिहिलं.

साहेबांनी अहवाल वाचून पहिल्यांदा भिंत सोडून माझ्याकडे पाहिलं. नवा बेंड बसला, त्यावर लेप चढला आणि लेपावर पत्रा. इन्स्पेक्टरने अप्पांचं सर्टिफिकेट ठेवून घेतलं. मुदलाळींनी त्यांना काढलं नाही, वाळवणाच्या अंगणात भातावर लक्ष ठेवायला बसवलं. पिल्लैयार आता बॉयलरच्या खोलीच्या दारावरच्या तसबिरीत होता आणि पहिला नारळ मुदलाळींच्या आईच्या हातून फुटत होता. दिवाणखान्यातली रिकामी चौकट आईने काढली नाही. तिथे काय होतं हे आल्यागेल्याला माहीत होतं, आणि ते मला बोचत होतं.

अप्पा माझ्याशी बोलेनासे झाले. भांडण नाही, टोमणा नाही, मी खोलीत आले की नुसते पेपर उचलत. मी जे केलं त्याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही. पण वाईट वाटायचं ते वाटायचंच. त्यांच्या मानेवरची काजळी हळूहळू गेली, आणि ती गेलेली मला बघवत नव्हती.

मग एका रविवारी आई सकाळी दोशे करत होती. अप्पा आणि मी चुलीपाशी खायला बसलो होतो, मध्ये एका पाटाचं अंतर. शेवटचा दोसा उतरला. आईने सवयीने तांब्या उचलला आणि तव्यावर तिरका केला.

"थांब," अप्पा म्हणाले. "निवूं दे."

आईचा हात वरच राहिला. "काय झालें?"

"ती बसली आहे येथें," अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. "लिहून टाकील."

आई हसली. मी हसले नाही, कारण अप्पा चेष्टेने म्हणाले की रागाने ते मला कळलं नाही. आयुष्यभर लोखंडातले ताण मी ओळखत आले, ते वाक्य मात्र कुठल्या प्रकारात घालावं ते मला आजही ठरवता येत नाही. अप्पांनी आईच्या हातातून तो भरलेला तांब्या काढून घेतला आणि तवा पुरता थंड होईपर्यंत मांडीवर धरून बसून राहिले.